सोसायटीच्या गटावरील बदनामी आणि भाचीचे बनावट खाते : कायद्याने नेमके काय करता येते?

जुना_खजिनदार

ठाण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत मी चार वर्षे खजिनदार होतो आणि मार्चमध्ये मुदत संपल्यावर पद सोडले. जूनमध्ये एका सभासदांनी संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर इमारतीच्या रंगकामाच्या बिलाचा फोटो टाकला आणि खाली लिहिले, ‘चार वर्षांत कोणाच्या स्वयंपाकघराचा कायापालट झाला, हे सुज्ञांस सांगणे न लगे.’ माझे नाव त्यात कोठेही नाही. परंतु आमच्या ६४ सदनिकांत मॉड्युलर किचन करून घेतलेला खजिनदार मी एकटाच असल्याने सुज्ञांना खरोखरच काही सांगावे लागले नाही. दोन दिवसांनी तोच फोटो आमच्या विभागाच्या फेसबुक गटावर गेला आणि तेथे ‘माजी खजिनदाराने सात लाख खाल्ले’ असे सरळच लिहिलेले होते.

याच सुमारास, आमच्याकडे राहून शिकणाऱ्या माझ्या एकोणीस वर्षांच्या भाचीचे फोटो वापरून कोणीतरी एका समाजमाध्यमावर बनावट खाते उघडले, त्यावर अश्लील मजकुरासह तिचा मोबाइल क्रमांक दिला, आणि एका रात्रीत तिला अनोळखी पुरुषांचे चाळीसच्या वर फोन आले. दोन्हींमागे एकच व्यक्ती आहे की नाही, हे मला माहीत नाही. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी सगळी हकीकत एकाच अर्जावर लिहून घेतली, अदखलपात्र नोंद केली आणि ‘पुढचे कोर्टात’ असे सांगितले. घरात ‘सोडून द्या’ आणि ‘सोडू नका’ असे दोन पक्ष पडले आहेत. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

कोर्टाची_पायरी

मी जिल्हा न्यायालयात तेवीस वर्षे वकिली करते. खजिनदार साहेब, गोंधळ त्या एका अर्जातच झाला आहे. तुमची बदनामी आणि भाचीचा छळ ही कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळी प्रकरणे आहेत आणि त्यांचे दरवाजेही वेगळे आहेत. तुमचे प्रकरण अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत. भाचीचे प्रकरण दखलपात्र आहे आणि त्यात गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. दोन्ही एका कागदावर आल्यामुळे हलक्या प्रकरणाने गंभीर प्रकरणाला खाली ओढले.

आधी भाचीचे पाहू. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६क (इंग्रजी ‘सी’) दुसऱ्याची ओळख वापरण्याबद्दल आहे आणि कलम ६६ड (इंग्रजी ‘डी’) तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. अश्लील मजकूर प्रसिद्ध केल्याबद्दल कलम ६७ लागते, त्यात पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेतील कलम ७९, म्हणजे स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान, हेही येथे बसते. जुन्या दंडसंहितेतील ५०९ ते हेच. पाठलागाचे कलम ७८ मात्र घाईने लिहून घेऊ नका. तिने नाही म्हटल्यावरही एखादा पुरुष वारंवार संपर्क साधत असेल किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवत असेल, तर ते लागते. त्या चाळीस फोनांपैकी कोणी रोज करत असेल, तर त्याच्यापुरते ते जरूर लावता येईल.

भाची सज्ञान आहे, म्हणून तक्रार तिच्याच नावाने आणि तिच्याच शब्दांत नवीन द्या. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार भरून तिचा पोच क्रमांक अर्जावर लिहा. (१९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, लोक तेथे फोन करून निराश होतात.) ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असे उत्तर आल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी गुन्हा नोंदवता येतो, हे नम्रपणे दाखवावे. तरीही नोंद न झाल्यास तक्रार लेखी स्वरूपात पोलीस उपायुक्तांकडे पाठवावी, आणि तेथेही काही न झाल्यास कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडून तपासाचा आदेश मागता येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून अंमलदारांशी वाद न घालता निरीक्षकांना भेटावे.

तुमच्या अब्रूनुकसानीबद्दल सायंकाळी लिहिते, आता तारीख आहे.

तारयंत्र

वकीलबाई येईपर्यंत पुराव्याचे सांगतो, कारण ते काम आजच्या आज करायचे आहे. माझे काम संगणक प्रणालीतील नोंदी तपासण्याचे आहे आणि लोक पुरावा कसा घालवतात, हे मी रोज पाहतो.

सर्वांत सामान्य चूक ही की माणूस बनावट खाते दिसताच ‘रिपोर्ट’ करतो, आणि खाते गेल्यावर आपल्याकडे काहीच उरले नाही हे त्याच्या लक्षात येते. आधी जतन करावे, मग रिपोर्ट करावे. स्क्रीनशॉट घेताना वरची पत्त्याची ओळ, तारीख, वेळ आणि खात्याचे मूळ नाव दिसले पाहिजे. फोटोखाली झळकणारे नाव क्षणात बदलता येते, म्हणून खात्याची पूर्ण लिंक वेगळी लिहून ठेवावी. दुसऱ्या फोनने स्क्रीनचे सलग चित्रीकरण करावे. व्हॉट्सॲपचा संवाद ‘एक्स्पोर्ट’ करावा आणि ज्या फोनवर तो आला तो फोन विकू नये, फॉरमॅट करू नये, मुलांच्या हाती देऊ नये. गटातील आणखी दोघांनी तो मजकूर आपापल्या फोनवर वाचला असेल तर त्यांना आताच विचारून ठेवावे, कारण सहा महिन्यांनी कोणालाच काही आठवत नाही.

काढून टाकलेला मजकूर आणि त्यासंबंधीच्या नोंदी कंपन्यांनी १८० दिवस तपासासाठी जपून ठेवाव्यात, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०२१ च्या नियमांत आहे. ही मुदत मोठी वाटते, पण अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यातच तिचा बराच भाग संपतो. आणखी एक बारीक गोष्ट सांगतो. कंपनीकडून येणाऱ्या नोंदींतील वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे असतात. एका प्रकरणात हे न मिळवल्यामुळे रात्री साडेनऊची नोंद दुपारी चारची समजली गेली आणि दुपारी घरी असलेल्या भलत्याच मुलाला तीन वेळा पोलीस ठाण्यात बसावे लागले.

नग्न किंवा तशा खासगी स्वरूपाचे फोटो असतील तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सुविधा सज्ञान व्यक्तींसाठी आहे. फोटो तिच्याकडे जात नाही. आपल्याच यंत्रावर त्याचा आकडेरूप ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो अडवतात. साध्या फोटोंच्या बनावट खात्यासाठी तिचा उपयोग नाही.

गावकूस

थोडे विरोधी बोलतो. रंगकामाचे बिल मागणे हा सभासदाचा हक्क आहे. आमच्या संस्थेत मी पाण्याच्या टँकरचा हिशेब मागितला, तेव्हा सचिवांनी मला पन्नास लाखांच्या अब्रूनुकसानीची नोटीस पाठवली. नोटीस वकिलाच्या जाड कागदावर होती आणि आईने ती पाहून दोन दिवस नीट जेवण घेतले नाही. प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याला कोर्ट दाखवायचे असेल तर हिशेब मागायचाच कोणी? खजिनदारांनी सात लाख खाल्ले नसतील असे मी गृहीत धरतो, पण कायद्याने प्रश्नालाही संरक्षण दिलेले असले पाहिजे.

कोर्टाची_पायरी

गावकूस यांचा मुद्दा योग्य आहे आणि त्याचे उत्तर कायद्यातच आहे. न्याय संहितेतील कलम ३५६ मध्ये, पूर्वीच्या ४९९-५०० मध्ये होते तसेच, दहा अपवाद आहेत. विधान खरे असेल आणि ते सांगण्यात सार्वजनिक हित असेल, तर ती बदनामी नव्हे. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी नव्हे. स्वतःच्या किंवा इतरांच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधानही नव्हे. म्हणजे ‘रंगकामाची तीन दरपत्रके दाखवा’ हा प्रश्न आहे, उपनिबंधकांकडे दिलेला अर्ज ही तक्रार आहे, आणि ‘सात लाख खाल्ले’ हा आरोप आहे. शेवटचा आरोप करणाऱ्याला आपल्या सद्भावनेचा आधार दाखवावा लागतो. लिहिण्यापूर्वी त्याने हिशेब पाहिला होता का, हा पहिला प्रश्न मी उलटतपासणीत विचारते.

मात्र नाव घेतले नाही म्हणून सुटका होत नाही. वाचणाऱ्यांना माणूस ओळखता आला की पुरे. आणि उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असे स्पष्टीकरण कलमातच आहे. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनी आपला टोमणा ओळखला होता, याचे मला दरवेळी कौतुक वाटते.

आता मार्ग. फौजदारी फिर्याद प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खाजगीरीत्या करावी लागते आणि ती ज्याची बदनामी झाली त्यानेच करावी लागते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा नव्या संहितेप्रमाणे समाजसेवा. हा गुन्हाच घटनाबाह्य ठरवावा अशी मागणी झाली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात फेटाळली. १ जुलै २०२४ पासून एक बदल झाला आहे : दखल घेण्यापूर्वी आरोपीलाही म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, त्यामुळे सुरुवातीलाच काही तारखा वाढतात. माझ्याकडील एक फिर्याद २०१६ मध्ये दाखल झाली आणि २०२२ मध्ये माफीनाम्यावर मिटली. निवृत्त शिक्षक असलेले फिर्यादी तोवर एकतीस वेळा न्यायालयात आले होते. हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो आणि बहुतेक वेळा तसाच मिटतो, हे आधीच मनाशी धरावे.

दिवाणी दाव्यात नुकसानभरपाई आणि मनाई हुकूम मागता येतो. भरपाईचा आकडा फुगवला की न्यायालयीन शुल्कही फुगते. गावकूस यांना आलेले पन्नास लाख नोटिशीच्या कागदावरच राहतात ते म्हणूनच. अंतरिम मनाई हुकूमही मागताक्षणी मिळत नाही. ब्लूमबर्ग आणि झी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सांगितले आहे की सुनावणीपूर्वीच लिखाण बंद करणारे आदेश सहज देऊ नयेत. लिहिणारा अज्ञात असेल तर ‘अशोक कुमार’ या कल्पित नावाविरुद्ध दावा लावून कंपनीकडून त्याची माहिती मागवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. तुमचे लेखक ज्ञात असल्याने तुम्हाला त्याची गरज नाही.

मुदत विसरू नका. दिवाणी दाव्याला प्रसिद्धीपासून एक वर्ष आणि फौजदारी फिर्यादीला तीन वर्षे. मजकूर इंटरनेटवर आजही दिसतो म्हणून वर्ष रोज नव्याने सुरू होत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे. तुमचे वर्ष जूनपासून मोजा.

रानजाई

हे कलम दुधारी आहे, एवढे येथे लिहून ठेवते. पत्रकार प्रिया रमाणी यांनी माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केल्यावर त्यांच्याच विरुद्ध अब्रूनुकसानीची फिर्याद झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवताना स्त्री आपली तक्रार अनेक वर्षांनंतर आणि कोणत्याही व्यासपीठावर मांडू शकते, असे नमूद केले. पण त्यासाठी त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ आरोपी म्हणून उभे राहावे लागले. तेव्हा भाचीने संशयिताचे नाव कोठेही जाहीर लिहू नये. पोलिसांकडे दिलेला जबाब तिला संरक्षण देतो, स्टेटस देत नाही.

जुना_खजिनदार

सर्वांचे आभार. दोन शंका. पहिली, मी समाजमाध्यमाकडे दोन्ही तक्रारी केल्या. भाचीचे खाते दुसऱ्या दिवशी गेले, पण माझ्याबद्दलच्या मजकुरावर ‘आमच्या नियमांचा भंग होत नाही’ असे तीन ओळींचे उत्तर आले. असा भेद का? दुसरी, गटाच्या ॲडमिनलाही नोटीस द्यावी असे माझे मेहुणे म्हणतात.

कोर्टाची_पायरी

भेदाचे मूळ पालघरमध्ये आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यामुळे पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ ला, म्हणजे आक्षेपार्ह किंवा त्रासदायक संदेश पाठवणे गुन्हा ठरवणाऱ्या कलमाला, आव्हान मिळाले आणि श्रेया सिंघल प्रकरणात २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द झाले. त्याच निकालात असेही ठरले की न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्याशिवाय, केवळ कोणाच्या तक्रारीवरून, कंपनीने मजकूर बेकायदेशीर ठरवून काढला पाहिजे असे नाही. सात लाख खाल्ले की नाही, हे कंपनीला कसे ठरवता येणार? तोतयेगिरी आणि नग्न फोटो यांबाबत मात्र २०२१ च्या नियमांनी कंपनीवर थेट जबाबदारी टाकली. मूळ नियमांत अशा मजकुरासाठी चोवीस तास आणि इतर तक्रारींसाठी पंधरा दिवस होते. मुदती बदलतात, म्हणून तक्रारीच्या दिवशीचा नियम पाहावा. कंपनीचा निर्णय मान्य नसेल तर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे तीस दिवसांत विनाशुल्क ऑनलाइन अपील करता येते. तुमच्या प्रकरणात मला त्यातून फार आशा नाही, पण खर्चही नाही.

६६अ गेल्याचा एक परिणाम सांगितला पाहिजे. कोणी एखाद्या पुरुषाला रोज नुसत्या शिव्या पाठवत असेल, धमकी नाही, खंडणी नाही, बदनामी नाही, तर त्याला चपखल बसणारे दखलपात्र कलम आज सापडणे कठीण जाते. धमकी असेल तर कलम ३५१ आहे.

ॲडमिनबद्दल मेहुण्यांना सांगा की सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी, पूर्वसंगनमत नसेल तर, ॲडमिनला फौजदारीत जबाबदार धरता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे. नोटीस न देता विनंती करा. ॲडमिनला तो संदेश सर्वांसाठी पुसता येतो. अर्थात आधी एक्स्पोर्ट, मग विनंती. पुढे पाठवणारे मात्र तितके सुरक्षित नाहीत. बदनामीकारक मजकूर रिट्वीट करणे हीदेखील प्रसिद्धीच आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केजरीवाल यांच्या प्रकरणात म्हटले.

परसदार

मी न्यू जर्सीत राहतो म्हणून एक भर घालतो. आमच्या गावच्या गटावर बदनामी करणारे गृहस्थ येथे अमेरिकेत होते. भारतातील न्यायालयाने भरपाईचा हुकूम दिला, तरी २०१० च्या ‘स्पीच’ कायद्यामुळे अमेरिकेतील न्यायालय तो सहसा अंमलात आणत नाही. अमेरिकी राज्यघटनेने दिलेल्या भाषणस्वातंत्र्याइतके संरक्षण भारतातील खटल्यात मिळाले होते, हे दाखवावे लागते. आमच्या बाबतीत त्यांच्या मोठ्या भावाने गावातून केलेला एक फोन पुरला.

गावकूस

खजिनदारांना एकच विचारतो : लेखापरीक्षण झाले आहे का?

जुना_खजिनदार

झाले आहे. अहवालात रंगकामाची निविदा, तिन्ही दरपत्रके आणि धनादेशांचे क्रमांक आहेत. एक आक्षेप आहे, ४,२०० रुपयांच्या पावतीवर तारीख नाही. ते सात लाख कोठून आले, हे मलाही कळलेले नाही.

तारयंत्र

त्या सभासदांना नोटीस द्याल, तेव्हा तो अहवाल तिला जोडा. आणि कोर्टात जायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचे प्रमाणपत्र लागेल. पूर्वीचे ६५ब. हे प्रमाणपत्र सक्तीचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आपल्या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल यात, निश्चित केले. मूळ फोनच न्यायालयात हजर करून मालकाने साक्ष दिली तर त्याची गरज नाही, असेही त्यात आहे. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक यंत्र बाळगणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलचा आकडेरूप ठसा, म्हणजे हॅश, त्यात लिहायचा असतो. फोन म्हणूनच जपा म्हटले.

जुना_खजिनदार

सात आठवड्यांनी लिहीत आहे. भाचीच्या तक्रारीवर स्वतंत्र गुन्हा नोंद झाला. निरीक्षकांनी तिचा जबाब महिला अधिकाऱ्यांसमोर घेतला आणि गुन्ह्याची प्रत विनामूल्य दिली. कंपनीकडून नोंदी आल्या आहेत. तपास चालू असल्याने त्यापुढे लिहीत नाही, परंतु साडेपाच तास मिळवले आहेत ना, असे मी विचारले तेव्हा तपास अधिकारी हसले.

माझ्या नोटिशीला उत्तर म्हणून त्या सभासदांनी मसुदा पाठवला : ‘माझ्या लिखाणामुळे कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर मी दिलगीर आहे.’ सौ. म्हणाली, ‘भावना नाही, नाव गेले आहे. आणि हे असतील-तर कशाला?’

कोर्टाची_पायरी

वहिनींना वकिली जमली असती. माफीनाम्यात कोणते वाक्य, कोणत्या तारखेला, कोठे लिहिले, ते खोटे होते आणि ते मागे घेत आहे, एवढे असलेच पाहिजे. जेथे लिहिले त्याच दोन्ही गटांवर तो यावा आणि किमान तीस दिवस राहावा. सही केलेली प्रत वेगळी घ्या. त्यानंतर फिर्याद करणार नाही असे तुम्ही लिहून द्या, पण ते त्याच्या नंतर.

जुना_खजिनदार

रविवारी सकाळी साडेदहाला माफीनामा दोन्ही गटांवर आला, ‘असतील तर’ वगळून. संस्थेच्या गटावर त्याखाली सोळा अंगठे उमटले, आणि तिसऱ्या मजल्यावरील एका सभासदांनी विचारले, ‘मग ते रंगकामाचे बिल आता पाहायला मिळेल का?’ फाइल कार्यालयात आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी सायंकाळी सात ते आठ पाहता येते, असे उत्तर मी दिले. तारीख नसलेली ४,२०० रुपयांची पावतीही त्यातच लावलेली आहे.